गोलातली जागा

बालवाडीत जाणाऱ्या मुलाला काय काय यायला लागलं, हे विचारायची आपल्याकडे पद्धत आहे. अंक कुठपर्यंत म्हणतो, अक्षरं ओळखतो का, इंग्रजी कविता पाठ झाली का, ही चौकशी घरी आलेले पाहुणेसुद्धा करतात. त्याला वर्गात कोण ओळखतं, तो आला नाही तर कोणाला चुकल्यासारखं वाटतं, त्याला कोण खेळायला घेतं आणि कोण घेत नाही, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. हे पुस्तक या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांसाठी आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचा जमाव ‘आपला वर्ग’ कसा होतो, त्यासाठी शिक्षिकेला रोज काय करावं लागतं आणि ते राहून गेलं तर नुकसान कोणाचं होतं, याचा विचार त्यात केला आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडणं बरं. पंचवीस-तीस मुलं एका खोलीत बसवली म्हणजे वर्ग होत नाही. तो घडवावा लागतो, आणि या वयात तो घडवणं हाच अभ्यासक्रमाचा गाभा आहे. अक्षरओळख, अंकओळख, गाणी, चित्रं हे सगळं त्याच्या आधाराने रुजतं. वर्ग घडला की नाही, हे चुणचुणीत, पुढे पुढे करणाऱ्या मुलांकडे पाहून कळत नाही. जे मूल कडेला उभं आहे, त्याच्याकडे पाहून ते ठरवायचं असतं.

वर्गातला एकोपा म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर हाताची घडी, तोंडावर बोट येतं, नाहीतर स्नेहसंमेलनात एका रंगाचे कपडे घालून नाचणारी रांग येते. या दोन्हींत मुलं एकत्र असतात, पण त्यांचा एकमेकांशी संबंध यावा लागत नाही. सगळ्यांचं लक्ष बाईंकडे असतं. फरक कुठे पडतो ते पाहण्यासाठी हजेरीचंच घ्या. बाई पटावरून नावं वाचतात, मुलं ‘हजर’ म्हणतात आणि काम संपतं. हीच हजेरी वेगळ्या तऱ्हेनेही घेता येते. प्रत्येक मुलाची एक पुठ्ठ्याची पट्टी असते, तिच्यावर नाव आणि त्याने निवडलेलं चित्र: चिमणी, बस, कणीस, छत्री. आलेलं मूल आपली पट्टी खोक्यातून शोधून दोरीवर अडकवतं. सगळे गोलात बसले की खोक्यात उरलेल्या पट्ट्या बाहेर काढायच्या. चिमणी उरली आहे, म्हणजे कोण नाही आलं? का नाही आलं? शेजारी राहणाऱ्या कोणाला तरी माहीत असतं की त्याला ताप आहे. मग काल सुरू केलेलं मातीचं घर त्याच्यासाठी तसंच ठेवायचं का आणि नवं गाणं त्याला कोण शिकवणार, हेही मुलं ठरवतात. जास्तीची दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत वाचनाची पूर्वतयारी होते, उरलेल्या पट्ट्या मोजल्या जातात, आणि आपण नसलो तरी इथे आपली आठवण निघते, हे प्रत्येक मुलाला कळतं. एवढ्या लहान वयात याहून मोठा धडा मला तरी सुचत नाही.

हा विचार बालशिक्षणाच्या जन्मापासूनचा आहे. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी आपली संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांची लाकडी ठोकळ्यांची, चेंडूंची साधनं प्रसिद्ध झाली. त्यांचे गोलात उभं राहून, हात धरून खेळायचे खेळ तितकेसे कोणी लक्षात ठेवले नाहीत. फ्रोबेल यांच्या मते प्रत्येक मूल स्वतः पूर्ण असतं आणि त्याच वेळी एका मोठ्या पूर्णाचा भागही असतं. गोलातले खेळ हा त्या विचाराचा प्रत्यक्ष पाठ होता, कारण एकाने हात सोडला तर गोल मोडतो हे तीन वर्षांच्या मुलालाही दिसतं. 1851 मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली, ती 1860 मध्ये उठली. मुलांनी कसं एकत्र राहायला शिकावं, हा प्रश्न सत्तेलाही महत्त्वाचा वाटतो, एवढं त्यातून ध्यानात घ्यावं.

मारिया माँटेसरी यांच्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की त्यांचं मूल आपापल्या चटईवर एकटंच काम करत बसतं. वरवर पाहिलं तर ते खरं वाटतं. पण 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झालेल्या त्यांच्या बालगृहाची रचना बारकाईने पाहिली तर चित्र बदलतं. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असत, त्यामुळे मोठ्या मुलाने छोट्याला दाखवणं ही रोजची गोष्ट होती. आणि प्रत्येक साधनाचा संच जाणूनबुजून एकच ठेवलेला असे. गुलाबी मनोरा दुसऱ्या कोणाकडे असेल तर थांबायचं, त्याचं काम न मोडता पाहायचं, त्याने जागेवर ठेवला की घ्यायचा. दुसऱ्याचं काम मानायला शिकवण्याची ही योजना होती, आणि तिच्यासाठी उपदेशाचं एक वाक्यही लागत नव्हतं. आपल्याकडच्या अनेक ‘माँटेसरी’ वर्गांत आता प्रत्येक मुलापुढे तीच वस्तू, तीच कार्यपत्रिका एकाच वेळी ठेवली जाते. भांडणं टळतात हे खरं, पण ती सोडवायला शिकण्याची संधीही त्यांच्याबरोबर जाते.

माँटेसरींचा विचार भारतात रुजवला तो गिजुभाई बधेका यांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत 1920 साली त्यांनी बालमंदिर सुरू केलं. तिथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो विचार महाराष्ट्रात आणला, आणि आणता आणता बदलला. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 1945 मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून शंखशिंपले, बिया, पानं, खडे ही साधनं झाली. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. माझ्या मते बोर्डीचं खरं मोठेपण दुसरीकडे आहे. बालवाडी उघडली तरी काही वस्त्यांमधली मुलं तिथे पोहोचत नाहीत हे दिसल्यावर या बायकांनी मुलांना दोष दिला नाही की पालकांच्या अज्ञानावर बोट ठेवलं नाही. त्या बालवाडीच घेऊन वस्तीत, पाड्यावर गेल्या. अंगणात मुलांना न्हाऊमाखू घालायचं, केस विंचरायचे, नखं कापायची, गोष्ट सांगायची, गाणी म्हणायची. आज देशभर ज्या व्यवस्थेला अंगणवाडी म्हणतात, तिचं नाव आणि कल्पना या अंगणांतली आहे. 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा ते नाव सरकारी झालं. बालवाडी ही काही घरांची मिरास नाही. जी मुलं आली नाहीत ती का आली नाहीत हे विचारूनच ती सुरू होते, हा बोर्डीचा वारसा आहे. आकड्यांच्या धबडग्यात तो हरवू नये.

दरम्यान मानसशास्त्रातही विचार पुढे सरकत होता. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांच्या सहभागाच्या पायऱ्या नोंदवल्या: एकट्याने खेळणं, दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहणं, शेजारी बसून तसाच पण वेगळा खेळ खेळणं, मग देवाणघेवाण आणि शेवटी मिळून खेळणं. ही वर्गवारी पाठ्यपुस्तकांत शिडीसारखी छापली गेली आणि शेजारी बसून खेळणारं मूल ‘अजून मागे’ आहे असा अर्थ निघाला. पुढच्या निरीक्षणांनी हे दुरुस्त केलं. 1980 च्या सुमाराला दिसून आलं की मुलं शेजारी खेळण्याचा वापर युक्तीने करतात. ओळख नसलेल्या गटाजवळ बसायचं, त्यांच्यासारखंच काहीतरी करायचं आणि हळूच आत शिरायचं. ज्या शिक्षिकेला हे माहीत आहे ती कडेच्या मुलाला दंडाला धरून ‘जा, त्यांच्यात खेळ’ असं ढकलत नाही. ती त्याला ठोकळे देते आणि गटाच्या हाताच्या अंतरावर बसवते. लेव्ह विगॉत्स्की यांनी खेळाची आणखी एक बाजू दाखवली: कल्पनेच्या खेळातही नियम असतातच. भातुकलीत आई झालेलं मूल स्वतःला हवं तसं वागत नाही, आईने वागावं तसं वागतं. एरवी क्षणभरही न थांबणारं मूल तिथे आपली पाळी येईपर्यंत ताट धरून बसतं. इटलीतल्या रेज्जो एमिलियात, दुसऱ्या महायुद्धानंतर पालकांनीच उभारलेल्या शाळांमधून लोरिस मालागुत्सी यांनी जी परंपरा घडवली, तिने गटाने विचार करणं, एकमेकांच्या चित्रांवरून नवं चित्र सुचणं यालाच शिक्षण मानलं. तिच्याबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून इथे थांबतो.

जपानचा दाखला मात्र सविस्तर द्यायला हवा, कारण तो आपल्या सवयींना धक्का देतो. जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपान, चीन आणि अमेरिकेतल्या एकेका बालशाळेतला एक दिवस चित्रित केला, आणि त्या फिती तिन्ही देशांतल्या शिक्षकांना दाखवून त्यांची मतं घेतली. त्यावरचं पुस्तक 1989 साली आलं. क्योतोच्या बालशाळेत मुलं भांडतात, एखादं दुसऱ्याला त्रास देतं, आणि शिक्षिका बऱ्याचदा मध्ये पडत नाही. अमेरिकी शिक्षकांना हे दुर्लक्ष वाटलं. जपानी शिक्षिकांचं म्हणणं असं की मोठं माणूस लगेच धावलं तर बाकीची मुलं मध्यस्थी करायला कधी शिकणार? मोठ्या वर्गाची त्यांना फारशी तक्रारही नव्हती. फार थोड्या मुलांमागे एक शिक्षिका असली की मुलं एकमेकांकडे न वळता तिलाच चिकटतात, असं त्यांचं मत होतं. हे जसंच्या तसं आपल्याकडे आणावं असं मी म्हणणार नाही. न धावणाऱ्या शिक्षिकेचं लक्ष सतत तिथे असावं लागतं, आणि जिथे जात, भाषा किंवा कपडे यांवरून एखादं मूल रोजच मार खातं, तिथे बाईंनी गप्प बसणं म्हणजे मारणाऱ्याला साथ देणं ठरेल. पण ‘बाई, हा बघा ना’ या तक्रारीवर तिथल्या तिथे निकाल द्यायची आपली घाई तपासून पाहायला हा दाखला पुरेसा आहे.

उलट टोक व्हिव्हियन पेली यांचं. शिकागो विद्यापीठाच्या प्रयोगशील शाळेत अनेक वर्षं शिकवलेल्या या शिक्षिकेने आपल्या किंडरगार्टनमध्ये एक नियम आणला: कोणीही दुसऱ्याला ‘तू आमच्यात खेळायचं नाहीस’ असं म्हणायचं नाही. 1992 च्या त्यांच्या पुस्तकात या नियमाची आणि त्यावर मुलांशी झालेल्या चर्चांची हकिगत आहे. त्यावर आक्षेप आला की मैत्री सक्तीने होत नाही, आणि मुलांना आपला खेळ आपल्या निवडीच्या सोबत्यांबरोबर खेळण्याचा हक्क आहे. मैत्रीपुरता आक्षेप रास्त आहे. पण वर्ग ही घरची ओसरी नव्हे. तिथली जागा, वेळ आणि खेळणी सगळ्यांची असतात. तिथून कोणाला वगळण्याचा अधिकार एका गटाला देणं म्हणजे सार्वजनिक गोष्ट खाजगी करणं आहे. शिवाय मराठी मुलांच्या खेळांत ही अडचण सोडवण्याची तोड केव्हाचीच निघालेली आहे. लपंडावात, पकडापकडीत धाकटं भावंड मागे लागलं की त्याला हाकलत नाहीत; त्याला लिंबूटिंबू करतात. ते धावतं, लपतं, ओरडतं, पण बाद झालं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळाचे नियम मोडत नाहीत आणि कोणी बाहेरही राहत नाही. ही तडजोड कोणत्याही मोठ्या माणसाने शिकवलेली नाही. मुलं आपसांत इतकं शहाणपण बाळगून असतात, तर बालवर्गाने त्याचा उपयोग करावा. एक सावधगिरी मात्र हवी: तेच मूल वर्षभर लिंबूटिंबू राहिलं तर ती दया होते. कधी ना कधी त्याच्यावरही राज्य आलं पाहिजे.

हे वय फार लहान आहे, मूल स्वतःपलीकडे पाहूच शकत नाही, अशी शंका सुशिक्षित पालकही घेतात, आणि तिच्यामागे ज्याँ पियाजे यांचं नाव असतं. तीन डोंगरांच्या प्रतिकृतीभोवती बसलेल्या लहान मुलांना पलीकडच्या बाहुलीला काय दिसतं हे सांगता येत नाही, असं त्यांना आढळलं होतं. पण मार्गारेट डोनाल्डसन यांनी 1978 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की प्रश्न मुलाला अर्थपूर्ण वाटला की उत्तर बदलतं. पोलिसापासून लपणाऱ्या मुलाची गोष्ट करून विचारलं तर साडेतीन-चार वर्षांची बहुतेक मुलं दुसऱ्याच्या जागेवरून बरोबर पाहतात. 2006 मध्ये फेलिक्स वॉर्नेकेन आणि मायकल टोमासेलो यांच्या प्रयोगांत तर अठरा महिन्यांची मुलं, अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देताना दिसली. तेव्हा मदतीची वृत्ती पेरायची नाही. ती आलेलीच असते. रोजच्या व्यवहारात तिला वाव ठेवायचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे, कारण तो गरीब पालकांकडून येतो: आमची मुलं खेळायला घरी खेळतातच, शाळेत त्यांना लिहा-वाचायला शिकवा. या मागणीला तुच्छ लेखणाऱ्यांशी माझं पटत नाही. ज्यांच्या घरात वाचणारं पहिलं माणूस हे मूलच असणार आहे, त्यांची घाई समजून घ्यायलाच हवी. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. गॅरी लॅड यांच्या 1990 च्या अभ्यासात, ज्या किंडरगार्टनच्या मुलांचे वर्गात मित्र टिकले, त्यांना शाळा अधिक आवडू लागली, आणि सोबत्यांनी नाकारलेल्या मुलांची प्रगती मागे पडली. सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 2 लाख 70 हजार मुलं होती, आणि सहभागी मुलांची शैक्षणिक कामगिरी सरासरीने 11 शतमान अंकांनी वर आढळली. त्यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले होते आणि मुलं बारावीपर्यंतची होती, म्हणून हा आकडा आपल्या बालवाडीला जसाच्या तसा लावू नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. तोंड उघडायला भिणारं मूल अक्षरही मोठ्याने वाचत नाही. घरी वारली, अहिराणी किंवा पावरी बोलणारं मूल वर्गात हसं झालं की आधी बोलणं बंद करतं, आणि त्याच्या न बोलण्यालाच पुढे ‘गती कमी’ असं नाव मिळतं. त्याच्या भाषेतलं एक गाणं रोजच्या गोलात आलं तर ते दिवसभर इतरांना शब्द शिकवत फिरतं.

तिसरी अडचण अंगणवाडी सेविकेची आहे, आणि तिला पुस्तकी उत्तर नाही. एक सेविका, एक मदतनीस, तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं एका खोलीत. त्याखेरीज वजनं, आहारवाटप, गृहभेटी, पोषण ट्रॅकरच्या नोंदी. 2023 च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविकांनी दीर्घ संप केला तो मानधनासाठी आणि कामाला कामाचा दर्जा मिळावा म्हणून. ज्या बाईला व्यवस्था आपली मानत नाही तिने मुलांना आपलेपण द्यावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि हे पुस्तक त्या मागणीच्या बाजूने आहे. तरीही वर्ग घडवण्यातलं पुष्कळसं काम जादा वेळ मागत नाही. आहार वाटायचाच असतो; तो मुलांनी पाळीपाळीने वाढला आणि सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय सुरू केला नाही, तर तोच पाठ होतो. सगळ्या वयांची मुलं एकत्र असणं ही तक्रार समजली जाते, पण माँटेसरींनी ती मुद्दाम करून घेतलेली सोय होती.

हे सगळं आजच का, याची कारणं डोळ्यांसमोर आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यासाठीचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2022 मध्ये आला. बालवाडी प्रथमच औपचारिक शिक्षणाच्या नकाशात आली. नकाशात आलं की मोजमाप येतं, आणि मोजायला सोपं तेच मोजलं जाण्याचा धोका येतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत वंचित घटकांतल्या मुलांसाठी 25 टक्के प्रवेश राखले. जिथे शाळेला पूर्वप्राथमिक वर्ग आहेत तिथे ते त्या वर्गांनाही लागू होतात. कायदा मुलाला दारातून आत आणतो. डबा उघडल्यावर शेजारी कोण बसतं, वाढदिवसाला कोणाला बोलावणं जातं, हे कायदा पाहू शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या आगेमागे वर्गातून नाहीशी होतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. साखरशाळा आणि वीटभट्ट्यांवरच्या भोंगाशाळा हे त्यांच्यासाठी झालेले प्रामाणिक प्रयत्न. पण मूळ गावच्या वर्गाने त्या मुलाची पट्टी दोरीजवळ ठेवली होती का, हा प्रश्न उरतोच. 2020 च्या मार्चपासून जवळजवळ दोन वर्षं बालवर्ग बंद राहिले आणि एक अख्खी पिढी सोबत्यांशिवाय थेट पहिलीत पोहोचली. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावलं होतं की बंधुता नसेल तर समता आणि स्वातंत्र्य वरवरचं राहील. नात्याबाहेरच्या, जातीबाहेरच्या मुलाशेजारी बसून रोज जेवण्याची पहिली संधी आपल्याकडे बहुतेकांना बालवाडीतच मिळते. काहींना पुढे ती पुन्हा मिळत नाही.

या पुस्तकात उपक्रमांची यादी शोधणाऱ्यांची निराशा होईल. संपादकांनी शिक्षिकांच्या आणि सेविकांच्या निरीक्षणांभोवती लेखन बांधलं आहे: सकाळचा गोल, खाऊची वेळ, भांडण, नवं मूल येणं, जुनं मूल जाणं. प्रत्येक ठिकाणी काय केलं याबरोबर काय साधलं नाही हेही लिहिलं आहे, आणि मला ते अधिक मोलाचं वाटतं. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या छोट्या गटापासून पाड्यावरच्या अंगणवाडीपर्यंतचे वर्ग त्यात आहेत. त्यांना एकच साचा लावायचा प्रयत्न केलेला नाही. दोन विषयांना पुस्तकाने हात लावला आहे, पण ते पुरते मांडलेले नाहीत. एक, ऐकू न येणारी, स्वमग्न किंवा चालता न येणारी मुलं: त्यांच्यासाठी गोलाची रचनाच बदलावी लागते, आणि त्याचा मराठीतला अनुभव अजून विखुरलेला आहे. दुसरा, मोठ्या गटातून पहिलीत जाताना घडलेला वर्ग तुकड्यांमध्ये विभागला जातो, तेव्हा काय होतं हा. तुकड्या पाडताना कोण कोणाचा सोबती आहे हे बालवाडीच्या बाईंना विचारण्याची पद्धत बहुतेक शाळांत नाही. पुढच्या आवृत्तीत या दोन्हींवर स्वतंत्र लेखन यावं, आणि तोवर ज्या वाचकांच्या हाताशी असे अनुभव आहेत त्यांनी ते लिहून संपादकांकडे पाठवावेत.